शुक्राची कोर पाहायची तर अंधाराची वाट पाहू नका

नवी दुर्बीण घरी आली की आठवड्याभरात एक तक्रार हमखास कानावर येते. "चंद्र झकास दिसतो हो, पण शुक्राचं काहीतरी बिनसलंय. नुसता दिवा लावल्यासारखा दिसतो, कडेला लाल-निळी झालर. भिंग खराब निघालं का?" भिंगाला काहीएक झालेलं नसतं. माणूस जेवण उरकून, चांगला अंधार पडल्यावर गच्चीवर गेलेला असतो. चूक तिथेच झालेली असते.

शुक्र हा अंधारात पाहायचा ग्रह नाही. काळ्या आभाळावर तो इतका झगझगतो की त्याचा आकार डोळ्याला कळतच नाही. शिवाय अंधार पडेपर्यंत तो क्षितिजाकडे उतरलेला असतो आणि तिथली हवा त्याचं चित्र हलवून टाकते. त्याच्या कला, म्हणजे कोर, अर्धं बिंब, फुगीर बिंब, स्वच्छ दिसतात त्या उजेडात. खाली जो क्रम दिला आहे तो सगळा या एका गोष्टीभोवती आहे. क्रम मोडू नका. निम्म्या लोकांचं काम क्रम मोडल्यानेच फसतं.

1. आधी महिना ठरवा, दुर्बीण नंतर

शुक्राच्या कलांचं एक पूर्ण चक्र सुमारे 584 दिवसांचं असतं. यातले बरेच महिने तो दुर्बिणीत बारकासा, जवळजवळ पूर्ण गोल ठिपका असतो. तेव्हा पाहणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. पाहण्यासारखा काळ अंतर्युतीच्या दोन्ही बाजूंना असतो. अंतर्युती म्हणजे शुक्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या बाजूला येतो ती वेळ. तेव्हा तो आपल्याला सर्वांत जवळ असतो, म्हणून बिंब मोठं आणि कोर बारीक.

येती अंतर्युती 24 ऑक्टोबर 2026 ला आहे. तिच्याआधी 15 ऑगस्ट 2026 च्या सुमारास शुक्र संध्याकाळच्या आभाळात सूर्यापासून जास्तीत जास्त दूर असेल. याला परम इनापगम म्हणतात. पण ऑगस्ट म्हणजे महाराष्ट्रात भरपावसाळा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी शुक्र पश्चिमेला फार खाली असणार. त्या फेरीवर मी भिस्त ठेवणार नाही. आपल्यासाठी खरी संधी नंतरची आहे: नोव्हेंबर 2026 ते फेब्रुवारी 2027, पहाटे, पूर्वेला. आभाळ धुतलेलं आणि शुक्र चांगला उंच.

या काळात काय दिसेल त्याचा ढोबळ हिशेब:

- 8 नोव्हेंबरच्या आसपास: बिंबाचा शेकडा 10 हूनही कमी भाग उजळलेला, पण व्यास सुमारे 56 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). नखाच्या कातरणीसारखी मोठी कोर. ही साध्या बायनॉक्युलरमधूनही दिसते.
- नोव्हेंबरअखेर: पाव भागाहून थोडा जास्त उजळलेला, व्यास 40 विकलांच्या आत-बाहेर. याच दिवसांत शुक्र सर्वांत तेजस्वी असतो.
- 3 जानेवारी 2027 च्या सुमारास: परम इनापगम. बिंब अर्धं, व्यास 25 विकला.
- फेब्रुवारीअखेर: पाऊण भाग उजळलेला, व्यास जेमतेम 15 विकला.

8 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आहे. त्या दिवसांत पहाटे उठून अभ्यंगस्नान होणारच आहे. उटणं लावण्याआधी दहा मिनिटं गच्चीवर काढा. तेल लागलेले हात मात्र आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, लावू नका.

*सावध:* पंचांगात "शुक्राचा अस्त" लिहिलेला दिसला की काही जण तो रोजचा मावळण्याचा प्रकार समजतात. पंचांगातला अस्त म्हणजे शुक्र सूर्याच्या तेजात लोपणं आणि उदय म्हणजे त्यातून बाहेर येणं. लग्नाचे मुहूर्त अडतात ते याच अस्तामुळे. पाहणाऱ्याला ही नोंद उपयोगाची आहे: "पूर्वेस उदय" लिहिलेल्या तारखेनंतर आठवड्याभराने पहाटे उठायला लागा, त्याच्याआधी नको.

2. जागा आदल्या दिवशी पाहून ठेवा

पहाटे पाच वाजता जागा शोधायला निघालात तर समोरच्या इमारतीमागून शुक्र वर येईपर्यंत सूर्यही येईल. आदल्या दिवशी सूर्य नेमका कुठून उगवतो ते पाहून ठेवा. नोव्हेंबर-डिसेंबरात तो बरोबर पूर्वेला उगवत नाही, दक्षिणेकडे सरकलेला असतो. शुक्र त्याच्याआधी, साधारण त्याच बाजूने वर येईल.

हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती आभाळात सुमारे 10 अंश झाकते. क्षितिजापासून दोन मुठी वरचं आभाळ मोकळं हवं. याहून खालचा शुक्र दुर्बिणीत पाहण्यात अर्थ नसतो. तक्रारीतली लाल-निळी झालर तिथूनच येते: क्षितिजाजवळची जाड हवा लोलकासारखं काम करून रंग वेगळे करते. ते शुक्राचे रंग नव्हेत आणि भिंगाचा दोषही नव्हे.

गच्चीवर एसीची बाहेरची यंत्रं असतील तर त्यांच्या वरून पाहू नका. त्यांची गरम हवा चित्राची लापशी करते. पहाटेचा एक फायदा असा की रात्रभरात स्लॅब थंड झालेला असतो. संध्याकाळी हाच स्लॅब तव्यासारखा तापलेला असतो.

3. दुर्बिणीची तयारी

60-70 मिलिमीटरची साधी दुर्बीण पुरे. आयपीस असा निवडा की मोठेपणा 50 ते 100 पट राहील. खोक्यावर "500 पट" लिहिलेलं असतं ते विसरून जा, आणि सोबत आलेली तिप्पट करणारी नळी खोक्यातच राहू द्या. मोठेपणा वाढवला की चित्र मोठं होतं, पण डळमळीतही होतं.

फाइंडर, म्हणजे मुख्य नळीवर बसवलेली नेम धरायची छोटी दुर्बीण, आदल्या दुपारी जुळवून घ्या. सूर्य पाठीमागे ठेवून दूरचा मोबाइल टॉवर आधी मुख्य दुर्बिणीच्या मधोमध आणा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तोच टॉवर फाइंडरच्या फुलीवर आणा. याच वेळी फोकसही दूरच्या वस्तूवर बसवून नळीवर पेन्सिलने खूण करा. ही खूण पुढे पाचव्या आणि सहाव्या टप्प्यात कामाला येईल. फोकस बिघडलेला असला तर दिवसाच्या उजेडात शुक्र नजरेसमोर असूनही दिसत नाही.

पुष्कळ दुर्बिणींच्या पुढच्या मोठ्या झाकणात एक लहान झाकण असतं. ते का दिलंय हे फार थोडे जण विचारतात. मोठं झाकण तसंच ठेवून फक्त लहान काढलं की प्रकाश कमी शिरतो आणि शुक्राचा झगमगाट उतरतो. पैसे खर्च न करता मिळालेला फिल्टरच तो.

*धोका:* हे लहान भोक सूर्य पाहण्यासाठी नाही. त्यातून सूर्य पाहिला तरी डोळा जाईल.

बायनॉक्युलर असेल तर 10 बाय 50 चा, म्हणजे 10 पट मोठेपणाचा आणि 50 मिलिमीटर भिंगाचा, उत्तम. पण तो हातात धरून कोर दिसत नाही. नाडीच्या ठोक्याबरोबर चित्र उड्या मारतं. कोपर कठड्यावर टेका, नाहीतर बायनॉक्युलर सरळ ट्रायपॉडवर बसवा.

*निघण्याआधी तपासा:* दुर्बीण पाहण्याच्या अर्धा तास आधी बाहेर नेऊन ठेवली का? घरातली ऊबदार नळी थंड हवेत नेली की पहिली वीस मिनिटं तिच्या आतच हवा उकळत असते.

4. हा शुक्रच ना?

हसू नका. गुरूला शुक्र समजून आठवडाभर वही भरणारे लोक मी पाहिले आहेत. शुक्र सूर्यापासून 48 अंशांच्या पलीकडे कधी जात नाही. त्यामुळे मध्यरात्री डोक्यावर तेजस्वी ग्रह दिसला तर तो शुक्र असूच शकत नाही.

या हिवाळ्यात घोळ व्हायला वाव आहे, कारण गुरूही पहाटेच्या आभाळात आहे. तो सिंह राशीत, बराच उंच असेल. शुक्र नोव्हेंबरात कन्या राशीत, चित्रेच्या ताऱ्याच्या आसपास, गुरूपेक्षा खाली आणि कितीतरी जास्त झळझळीत. दुर्बिणीत गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत चंद्र दिसतात. शुक्राला एकही चंद्र नाही. ठिपका रंग बदलत लुकलुकत असेल तर तो तारा, आणि पाच मिनिटांत मोठा होत आवाज करत डोक्यावरून गेला तर विमान.

5. पाहण्याचा क्रम

क्रम असा ठेवा:

1. सूर्योदयाच्या सव्वा तास आधी नुसत्या डोळ्यांनी शुक्र शोधा. तेव्हा तो सहज सापडतो.
2. सर्वांत कमी मोठेपणाच्या आयपीसने तो मधोमध आणा.
3. आता थांबा. लगेच जास्त मोठेपणाचा आयपीस लावू नका, चित्रही काढू नका.
4. दर चार-पाच मिनिटांनी तो पुन्हा मधोमध आणत राहा. पृथ्वीच्या फिरण्याने तो चार मिनिटांत 1 अंश सरकतो.
5. आभाळ निळसर-करडं झालं, बाकीचे तारे मिटले की जास्त मोठेपणाचा आयपीस लावा. खरं पाहणं इथे सुरू होतं.

तिसऱ्या पायरीवरचं थांबणं लोकांना जड जातं. मलाही गेलं होतं. पहिल्यांदा मी पाच वाजताच डोळा लावला, मला चार शेपट्या असलेलं पांढरं फूल दिसलं आणि मी कंटाळून चहाला खाली गेलो. परत आलो तेव्हा कावळे ओरडायला लागले होते, दूधवाल्याची मोटारसायकल खाली आली होती. सहज वाकून पाहिलं, तर शेपट्या गळून गेलेल्या. फिकट निळ्या पार्श्वभूमीवर चुन्याने काढल्यासारखी कोर, दोन्ही टोकं सुईसारखी. तीच दुर्बीण, तोच आयपीस. फक्त आभाळ उजळलं होतं.

*तपासा:* उजळलेली बाजू नेहमी सूर्याकडे असते. नुसत्या डोळ्याच्या हिशेबाने पहाटेची कोर क्षितिजाकडे पोट करून, वाटीसारखी असायला हवी. तुमच्या दुर्बिणीत ती उपडी वाटी दिसली तर घाबरू नका, दुर्बीण चित्र उलटं करते. आरशाचा कोपरा (आयपीसआधी बसणारा, आत आरसा असलेला काटकोनी जोड) लावला असेल तर डावं-उजवं बदलतं. नक्की दिशा हवी असेल तर दुर्बीण हलवू नका. शुक्र ज्या बाजूने सरकत दृष्टिक्षेत्राबाहेर जातो, ती पश्चिम.

*धोका:* सूर्योदयाची वेळ आधीच लिहून ठेवा आणि तिच्या पाच मिनिटं आधी गजर लावा. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शुक्र सूर्याच्या जवळ असतो. गजर वाजला की दुर्बिणीचं तोंड झाका आणि खाली या. डोळ्याच्या पडद्याला वेदना होत नाही, त्यामुळे इजा झाल्याचं त्या क्षणी कळतही नाही. मुलं सोबत असतील तर गजर वाजल्यावर दुर्बिणीपाशी कोणालाही एकटं सोडू नका.

6. दिवसाढवळ्या शुक्र

"दिवसा तारे दिसणे" याचा मराठीत अर्थ वेगळा आहे, पण इथे तो शब्दशः घ्या. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंत शुक्र सूर्यापासून 40 अंशांहून दूर असतो. तेव्हा तो सूर्य उगवल्यानंतरही नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

लोक चुकतात ते अकरा वाजता बाहेर येऊन रिकाम्या आभाळात शोधत बसतात म्हणून. निळ्या आभाळात डोळ्याला फोकस करायला काही नसतं, नजर जवळच कुठेतरी अडकते. तेव्हा शोधायचं नाही, सोडायचं नाही. पहाटे पकडलेला शुक्र दिवसात घेऊन जायचा.

जिन्याच्या खोलीच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या पश्चिमेला, तिच्या सावलीत उभे राहा. सूर्य तिच्यामागे पूर्ण लपला पाहिजे. शुक्र एखाद्या अँटेनाच्या टोकाजवळ, नाहीतर नारळाच्या झावळीजवळ येईल अशी जागा धरा. नजर आधी त्या टोकावर ठेवा, मग शेजारी न्या. दर दोन मिनिटांनी पुन्हा पाहा. सूर्य वर आल्यावर अर्ध्या तासानेही तो पांढऱ्या टाचणीच्या डोक्यासारखा तिथेच असतो. एकदा दिसला की वाटतं, हा मघाशी दिसत कसा नव्हता. मान वळवून शेजाऱ्याला हाक मारलीत तर मात्र गेला. परत सापडायला दहा मिनिटं.

अमावास्येच्या आधीचे दोन-तीन दिवस पहाटे चंद्रकोरही त्याच बाजूला असते. ती शुक्राजवळ आली असेल त्या दिवशी काम अर्धं होतं, कारण चंद्रावर नजर आपोआप दूर फोकस होते.

*धोका:* दिवसा बायनॉक्युलर आभाळात फिरवत शुक्र शोधू नका. एकदाच हात घसरून सूर्य मध्ये आला की पुरे. तुम्ही स्वतः सावलीत आहात याची खात्री झाल्याशिवाय बायनॉक्युलर डोळ्याला लावायचाच नाही. आणि सावली सरकते, हे विसरू नका.

7. नोंद

एकदा पाहिलेल्या कोरेपेक्षा दहा आठवड्यांची वही मोलाची. वहीत एका वाटीने, नाहीतर बांगडीने सारख्या आकाराची वर्तुळं आधीच काढून ठेवा. आठवड्यातून एकदा पुरे. तारीख, वेळ, आयपीस, हवा कशी होती, आणि वर्तुळाचा किती भाग उजळलेला वाटला.

सगळ्यांत जास्त होणारी चूक: आधी मोबाइलमधल्या ॲपवर "आज 31 टक्के" असं वाचायचं आणि मग बरोबर 31 टक्क्यांचं चित्र काढायचं. आधी चित्र, मग ॲप. या शिस्तीचं फळ जानेवारीत मिळतं. गणिताने बिंब 3 तारखेच्या सुमारास अर्धं व्हायला हवं, पण पहाटेच्या फेरीत डोळ्याला ते काही दिवस उशिराच अर्धं दिसतं. संध्याकाळच्या फेरीत याच्या उलट, काही दिवस आधी. योहान श्र्योटर या जर्मन निरीक्षकाने 1793 मध्ये हा फरक टिपला आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. तुमच्या वहीत फरक किती दिवसांचा निघतो ते पाहा. ॲपला शरण गेलात तर तो शून्य निघेल.

मोबाइल आयपीसला लावून फोटो काढणार असाल तर शुक्रावर बोट दाबून उजेड कमी करा, नाहीतर कोरेचा फुगा होतो. फोटोऐवजी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या आणि त्यातली स्थिर चौकट निवडा. झूम प्रत्येक वेळी तेवढाच ठेवा, म्हणजे नोव्हेंबरची मोठी कोर आणि फेब्रुवारीचा लहान गोळा शेजारी ठेवून तुलना करता येईल.

जुन्या वह्या टाकू नका. दर आठ वर्षांनी शुक्र जवळजवळ त्याच तारखांना त्याच जागी येतो, दोन-अडीच दिवस आधी. 2018 ची अंतर्युती 26 ऑक्टोबरला होती, 2026 ची 24 ला.

8. ढगाळ दिवसांचं काम: नकाशा आणि नावं

दुर्बिणीत शुक्राचा पृष्ठभाग कधीच दिसत नाही, वरचे ढग फाटतच नाहीत. चित्र काढताना डोंगर-खड्डे काढू नका. नेटवर दिसणारा नारिंगी, भेगाळलेला गोल म्हणजे कॅमेऱ्याने काढलेला फोटो नव्हे. तो मुख्यतः मॅगेलन यानाने 1990 नंतर रडारने केलेला नकाशा आहे. त्यातला रंग नंतर भरलेला आहे, व्हेनेरा 13 आणि 14 या यानांनी पृष्ठभागावरून पाठवलेल्या चित्रांच्या आधारे.

या नकाशावरची नावं वाचताना आपल्याकडे एक गफलत होते. आपला शुक्र पुरुष, असुरांचा गुरू. रोमनांची व्हीनस मात्र प्रेमाची आणि सौंदर्याची देवी. दोन्ही एकाच ग्रहाची नावं आहेत, म्हणून एकाची कथा दुसऱ्याला चिकटवू नका. मराठीने स्वतःपुरती सोय लावली आहे: शुक्र तो, पण शुक्राची चांदणी ती. नकाशा मात्र सगळा रोमन देवीच्या बाजूने आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या नियमाने इथली नावं स्त्रियांची किंवा देवींची असतात. मोठे दोन उंच प्रदेश इश्तार आणि ॲफ्रोडाइटी. इश्तारमधल्या पठाराचं नाव लक्ष्मी. नियमाच्या आधीचा अपवाद म्हणून मॅक्सवेल पर्वत राहिला, तो जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या नावाचा.

20 किलोमीटरहून मोठ्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची आडनावं देतात. त्यांत आनंदीबाई जोशींचं विवर आहे, सुमारे 34 किलोमीटर व्यासाचं. नावांच्या यादीत ते शोधताना आज आपण जोशी लिहितो ते स्पेलिंग वापरलंत तर सापडणार नाही. आनंदीबाईंच्या वेळचं, शेवटी दोन ई असलेलं स्पेलिंग टाका. पंडिता रमाबाईंचं विवर "मेधावी" नावाखाली आहे, "रमाबाई" शोधत बसू नका.

वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या तारखा लिहून ठेवा. 12 ऑगस्ट 2027 च्या सुमारास शुक्र सूर्याच्या पलीकडे जाईल; त्याच्या आगेमागे काही आठवडे तो दिसणारच नाही. मग तो संध्याकाळी पश्चिमेला येईल, 22 मार्च 2028 च्या आसपास परम इनापगम आणि 1 जूनला अंतर्युती. मार्च ते मे, मोकळं आभाळ, पाऊस नाही. संध्याकाळच्या फेरीची हौस असेल तर ती तेव्हा भागवा. त्या फेरीत क्रम उलटा धरायचा: सूर्य पूर्ण मावळला की लगेच सुरुवात, आणि जेवण नंतर.